वासाची वही

जयनगरच्या मंडईबाहेर या आठवड्यात अवरेकाई आली. पोत्यावर ओतलेला हिरव्या शेंगांचा ढीग, त्यामागे फतकल मारून बसलेली बाई, आणि ढिगापासून चार पावलं लांब असतानाच नाकात शिरणारा तो वास. पुण्याकडून आलेले पाहुणे याला पावटा म्हणतात आणि मी दरवेळी त्यांना दुरुस्त करतो. पावट्याची भाऊबंद आहे, हे मान्य. पण बंगळूरच्या डिसेंबर-जानेवारीच्या दवात हिच्या सालीवर जो तेलकट थर धरतो आणि हाताला चिकटतो, तो पावट्याला येत नाही. इथे त्या वासाला वेगळा शब्दच आहे, सोगडु. विकणारी बाई शेंग नाकापाशी धरून म्हणते, "अण्णा, सोगडु नोडी." आधी वास बघा, भाव मग विचारा.

दोन किलो घेतली. सोलल्यावर दाणे सातशे ते साडेसातशे ग्रॅम भरतात. गेली अकरा वर्षं मी तोलतो आहे, फार फरक पडलेला नाही. माझ्या बायकोने, सुनंदाने, कालचा पेपर जमिनीवर पसरला आणि आम्ही दोघं समोरासमोर बसलो. पहिली शेंग मोडली, बोटांना वास लागला, आणि चार वर्षांपूर्वीचा जानेवारी सगळाच्या सगळा परत आला. गच्चीवरचं तिरपं ऊन, शिवमामांचा खोकला, अमेयचं हसणं आणि माझी वही.

वहीबद्दल आधी सांगतो. मी एका सरकारी कंपनीत मापनविभागात काम करतो. कारखान्यातली वजनं, मोजपट्ट्या, काटे आमच्याकडे तपासायला येतात. एक ग्रॅमचं वजन आम्ही बोटाने उचलत नाही, चिमट्याने उचलतो. बोटाचा घाम लागला तरी आकडा बदलतो. अशा कामात तीस वर्षं गेली की माणूस घरीही चिमट्यानेच वावरायला लागतो. आमच्या इमारतीचा सेक्रेटरी मी झालो तेव्हापासून पाण्याच्या टाकीची पातळी, लिफ्ट बंद पडण्याच्या वेळा, पार्किंगमधली भांडणं, सगळ्याला रकाने आहेत. त्यामुळे त्या जानेवारीत जिन्यात गांजाचा वास येऊ लागला, तेव्हा मी त्याचीही वही घातली.

तारीख, वार, वेळ. वासाचं प्रमाण: मंद, मध्यम, तीव्र. वाऱ्याची दिशा, तीसुद्धा. आमच्या स्वयंपाकघराच्या बाल्कनीच्या गजाला मी लोकरीचा धागा बांधला होता, तो कुठे उडतो ते बघून लिहायचो. शेवटचा रकाना 'उगम'. त्यात मी पहिल्याच दिवशी लिहिलं: समोरचा फ्लॅट.

समोरच्या फ्लॅटमध्ये अमेय राहायचा. पंचविशीचा, पुण्याचा, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपनीत नोकरी. आठवड्यातले तीन दिवस, मंगळवार ते गुरुवार, घरून काम. केस वाढवलेले, दारात चपलांचे चार जोड वेडेवाकडे. फेब्रुवारीत कंपनी त्याला जर्मनीला पाठवणार होती. त्यासाठी पोलिसांकडून 'याच्या नावावर काही नाही' असा दाखला हवा होता आणि त्याचा अर्ज गेलेला होता. हे मला माहीत होतं, कारण अर्जावर राहण्याचा दाखला मीच सही करून दिला होता.

तो सुनंदाबरोबर अवरेकाई सोलायला बसायचा. "काकू, पावट्याला एवढा मान पहिल्यांदाच बघतोय मी."

"पावटा म्हणालास की आमटी मिळणार नाही."

"बरं बाई, अवरेकाई. आणि काका, तुमच्याकडे वास मोजायचं मशीन नाही का हो? धाग्यावर काय भागवताय?"

मी हसलो नव्हतो. वास मंगळवार, बुधवार, गुरुवार यायचा. चार ते पाचच्या दरम्यान. मी पहिली पाळी करून साडेतीनला घरी असायचो, त्यामुळे नोंद चुकायची नाही. सोमवारी नाही, शुक्रवारी नाही. तो घरी असायचा ते तीन दिवस आणि वासाचे तीन दिवस एकावर एक तंतोतंत बसत होते. याहून स्पष्ट काय असतं?

वास ओळखायला मला कोणाला विचारावं लागलं नाही. माझं आजोळ भालकीकडचं, बीदर जिल्ह्यातलं. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि गावाबाहेर एक मठ. सोमवारी तिथे भजन व्हायचं. भजन संपलं की ओल्या फडक्यात गुंडाळलेली चिलीम हातोहात फिरायची. कोणी लपून ओढत नव्हतं, आणि मठाबाहेर कोणी ओढतही नव्हतं. गावचा जमादार सायकल भिंतीला टेकवून भजनाला बसायचा. मी मामांच्या खांद्यावर. वरून दिसणाऱ्या पागोट्यांवर धुराचा एक निळसर पट्टा तरंगायचा. पुढे शिकलो, बंगळूरला आलो, कायदा वाचला, आणि तो पट्टा आठवणीतून पुसून टाकला. म्हणजे तसं मला वाटत होतं.

तेच शिवमामा त्या हिवाळ्यात आमच्याकडे होते. आईचे धाकटे भाऊ, बहात्तर वर्षांचे. पोटाचा कॅन्सर. दर सोमवारी हॉस्पिटलात सलाईनमधून औषध, आणि पुढचे तीन दिवस पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरत नसे. बंद खोलीत जीव घुसमटतो म्हणाले, म्हणून आमच्या डोक्यावरची गच्चीतली खोली त्यांना दिली. सुनंदाने नियम घातला होता: चार ते पाच मामांच्या खोलीकडे जायचं नाही, ते जपाला बसतात. नियम म्हटल्यावर मी पाळला.

त्याच दिवसांत आमच्या भागातल्या पोलिसांची रीत बदलली. आधी उद्यानाच्या कोपऱ्यावर पोरांना थांबवायचे, हाताची बोटं हुंगायचे, बॅगा उलट्या करायचे. मग तपासणीला हॉस्पिटल, मग केस. नव्या इन्स्पेक्टर बाई आल्या आणि नागरिकांच्या मासिक बैठकीत त्यांनी सरळ सांगितलं. शाळेचा हॉल, लहान मुलांचे बाक, त्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले आम्ही मोठे लोक.

"कायदा बदललेला नाही आणि तो बदलणं माझ्या हातात नाही," त्या म्हणाल्या. "पण एखाद्याच्या खिशात चिमूटभर सापडलं तर आमचा पहिला फोन घरी जाईल. घरचं माणूस येईल, हमी लिहून देईल. माझी माणसं मला विकणाऱ्यांच्या मागे लावायची आहेत."

मी उभा राहिलो. "मॅडम, चिमूटभर म्हणजे किती ग्रॅम?"

मागून कोणीतरी म्हणालं, "सरांना किती लागतो?" आणि हॉल हसला.

बाई हसल्या नाहीत. "सर, कायद्यात एक किलोपर्यंतचा गांजा अल्प प्रमाणात धरतात. त्यालाही शिक्षा आहे. पण मी तागडी घेऊन फिरत नाही."

"म्हणजे ढिलाई."

"सरी. बरं, ढिलाई म्हणा."

माझं मत तेव्हा पक्कं होतं. नियम असेल तर सगळ्यांना सारखा लावा, पटत नसेल तर काढून टाका. मधलं काही नको. मधल्या जागेत माणसाचा चेहरा बघून निर्णय होतात, आणि चेहरा हे काही माप नव्हे. बैठक संपल्यावर मी वहीच्या पानांच्या झेरॉक्स प्रती त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी चाळल्या. वाऱ्याच्या रकान्यापाशी थांबल्या. "इतकं नीट तर आमचा नोंदी ठेवणारा रायटरसुद्धा लिहीत नाही," असं म्हणाल्या. मी ते कौतुक समजलो.

पुढच्या बुधवारी चार वाजता दोन पोलीस साध्या कपड्यांत आले. अमेयच्या बॅगेत सिगारेट वळायचे पातळ कागद आणि तंबाखूची पुडी निघाली, एवढंच. तरी चौकशीला स्टेशनवर चल म्हणाले. तो जिन्यात उभा राहून म्हणाला, "काका, सांगा ना यांना, साधी तंबाखू आहे. तुम्ही ओळखता ना मला."

मी म्हटलं, "नियमाप्रमाणे होऊ दे."

तो दोन पायऱ्या उतरला आणि त्याने वळून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याला माझ्याकडे रकाना नव्हता.

मी आत आलो. सुनंदा स्वयंपाकघरात भिजवलेले दाणे सोलत होती. भिजलेला दाणा दोन बोटांत दाबला की साल हातात राहते आणि डाळिंबी टपकन पातेल्यात उडते. टप, टप, एवढाच आवाज. आणि चार पस्तीसला वास आला.

सवयीने वही उघडली. बुधवार. चार पस्तीस. धागा पूर्वेकडे. तीव्र. आणि 'उगम' या रकान्यावर पेन टेकलं आणि तिथेच राहिलं. समोरच्या फ्लॅटला कुलूप होतं. अमेय स्टेशनवर बाकावर बसला होता.

आमच्या विभागात कुठलाही आकडा एकटा लिहीत नाहीत. शंभर ग्रॅम लिहिलं की शेजारी लिहायचं, अधिक-उणे किती. यंत्राची चूक, हवेची चूक, बघणाऱ्याच्या डोळ्याची चूक. ही चूक न लिहिलेला कागद मी तीस वर्षं नवीन मुलांच्या तोंडावर परत फेकत आलो. माझ्या वहीला सहा रकाने होते आणि त्यांत हा नव्हता.

मी गच्चीचा जिना चढलो. मागे सुनंदा आली, पदराला हात पुसत.

मामा खुर्ची उन्हात ओढून बसले होते. अंगावर शाल, गुडघ्यावर ताटली, ताटलीत अवरेकाईच्या आमटीत कुस्करलेली ज्वारीची भाकरी. आणि पायाशी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली चिलीम. ते जेवत होते. तीन आठवड्यांत मी त्यांना जेवताना पाहिलेलं नव्हतं.

"ये भाच्या," ते म्हणाले. "वही आणलास का?"

ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी हा वास पहिल्यांदा घेतला, तो माझ्या डोक्यावरच्या खोलीत राहत होता. आणि मी बोट दाखवलं होतं समोरच्या दाराकडे.

"तुला ठाऊक होतं?" मी सुनंदाला विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. चार झुरके ओढले की दोन घास जातात त्यांना. मी घास मोजले, तुम्ही वास मोजलात."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर वहीत लिहिलं असतंत." मग तिचा आवाज उतरला. "पण त्या पोरावर जाईल असं नव्हतं हो वाटलं मला. पोलिसांना कागद दिलेत हेच मुळी मला आज कळतंय."

मामांनी ताटली खाली ठेवली. "कोणतं पोरगं? पुणेकर?" मी सांगितलं. जर्मनीचं, दाखल्याचं, सगळं. ते शालीचं टोक खोचत उठले. "चल. मला ने, पोराला आण. यात इचार करण्यासारखं काय हाय?"

विचार करण्यासारखं होतं, आणि मी केला. मामांची गांजाची पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. अडतीस ग्रॅम. तो काटा एका ग्रॅमने इकडेतिकडे होतो. पूर्वीचे साहेब असते तर ही पिशवी घेऊन, सलाईनच्या सुयांनी हात काळानिळा झालेल्या म्हाताऱ्याला बरोबर घेऊन, मी स्टेशनची पायरी चढलो असतो का? मी स्वतःला प्रामाणिक माणूस समजतो. तरी या प्रश्नाचं उत्तर मला खात्रीने देता येत नाही. त्या बाईंनी हॉलमध्ये जी ढिलाई जाहीर केली होती आणि जिच्यावर मी उठून आक्षेप घेतला होता, तिच्याच भरवशावर मी खरं बोलायला निघालो होतो. हे मला रिक्षातच कळलं, आणि आवडलं नाही.

स्टेशनात अमेय बाकावर बसला होता. शेजारी एक चाळिशीचा माणूस, कपड्यांवर, पापण्यांवरसुद्धा पांढऱ्या रंगाचे शिंतोडे. इमारती रंगवणारा. अमेय मला बघून उठला नाही.

मामांनी पिशवी इन्स्पेक्टर बाईंच्या टेबलावर ठेवली. "पोराचा दोष न्हाई. वास माझा हाय."

बाईंनी आधी त्यांना बसवलं. "स्वल्प बसा, अज्जा." मग हॉस्पिटलची फाइल वाचली, पहिल्या पानापासून. मग पिशवीकडे बोट केलं. "कुठून?"

"मठातून. गावाकडून येताना आणलो. इकायला न्हाई."

"किती आहे?"

"अडतीस ग्रॅम," मी म्हटलं. "अधिक-उणे एक."

त्या पहिल्यांदाच हसल्या. मग गंभीर झाल्या. "हे इथेच राहील, परत मिळणार नाही. उद्या डॉक्टरांना सगळं खरं सांगा, मळमळीवर औषधं असतात. घरात पुन्हा वास आला तर मला कळवायला वही आहेच." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मुलाच्या नावावर काही चढवलेलं नाही. त्याच्या आईला फोन केला होता फक्त."

"मॅडम, हे लिहून द्याल?"

"सर, मी लिहायला घेतलं तर केसच लिहावी लागेल. माझ्याकडून लिहून मिळणार नाही. तुमच्याकडून घेणार आहे."

मी हमीपत्र लिहिलं. मामांनी सही केली. मोडीच्या वळणाची, सावकाश. निघताना मी त्या रंगाऱ्याकडे बघून विचारलं, "आणि हे?"

"याच्याकडे तुमच्यापेक्षा कमी होतं," बाई म्हणाल्या. "सकाळपासून घरी फोन लावतोय. लागत नाही. इथे के. आर. पुरमला कुठल्यातरी साइटवर राहतो, घर तिकडे उत्तरेला." त्यांनी पेन खाली ठेवलं. "फोन उचलणारं कोणी असेल तरच माझी ढिलाई चालते, सर."

तो माणूस ऐकत होता. त्याला कन्नड येत नसावं. तो नुसता आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता.

परतीच्या रिक्षात अमेय मधे, मामा आणि मी दोन बाजूंना. दोन सिग्नल गेले. मग तो म्हणाला, "काका, गांजाचं सोडा. सिगारेट घरी कळली. आई दोन तास रडतेय."

मामा हसायला लागले आणि हसता हसता खोकायला.

"वहीत माझं नाव किती वेळा आहे?" अमेयने विचारलं.

"नाव नाही. फ्लॅट आहे. नऊ वेळा."

"मग नऊ वेळा सॉरी म्हणा."

मी म्हटलं. मोजून. आठव्यानंतर रिक्षावाल्याने आरशातून बघून "सर, इन्नोंदु," म्हणून अजून एक बाकी असल्याची आठवण करून दिली. त्याला मराठी कितपत कळत होतं कोण जाणे, पण आकडा त्याचा बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी औषध बदललं. मळमळ पुरती गेली नाही, पण घास जाऊ लागला. अमेयला दाखला मिळाला. फेब्रुवारीत, रस्त्यांवरची झाडं गुलाबी झाली होती त्या आठवड्यात, तो गेला. जाताना सुनंदाने सुकवलेल्या डाळिंब्यांचं पाकीट दिलं. शिवमामा चैत्रात गावी परतले आणि पावसाळा संपताना गेले. मधल्या महिन्यांत ते सोमवारी मठात जात होते का, हे मी विचारलं नाही. न विचारण्याची माझी ती पहिलीच वेळ.

रंगाऱ्याचं मात्र मी विचारलं, चार दिवसांनी स्टेशनात जाऊन. त्याला कोर्टात पाठवलं होतं. जामिनाला कोणी उभं राहिलं नाही. यापलीकडे मला काही कळलं नाही, आणि माझ्या बाजूने त्यात अधिक-उणे काही नाही. तो बाकावर बसलेला होता, माझ्या हातात पेन होतं, आणि मी एकच हमीपत्र लिहून बाहेर पडलो.

माझं मूळ मत आजही तेच आहे. सगळ्यांना सारखं, नाहीतर कोणालाच नको. फक्त सारखं कसं करायचं, याबद्दल तेव्हा मला जेवढं कळत होतं त्यापेक्षा आता थोडं जास्त कळतं. यंत्रात दट्ट्या आणि नळकांडं यांच्यात फट ठेवावी लागते, नाहीतर यंत्र पहिल्याच फेरीला अडकतं. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. फट कोणाच्या वाट्याला येते हेही बघावं लागतं, हे शिकवलेलं नव्हतं. रंगाऱ्याची चौकशी केली त्या दिवशी स्टेशनातून निघताना मी रायटरच्या टेबलावर माझा नंबर लिहून ठेवला. म्हटलं, चिमूटभराची बाब असेल, माणूस विकणारा नसेल, आणि घरी फोन लागत नसेल, तर मला लावा. त्याने दोनदा वाचून घेतला. चार वर्षांत इन्स्पेक्टर बाई बदलून गेल्या, त्यांच्यानंतरचे साहेबही नवे आहेत, रीत अजून तरी टिकली आहे. तसा लेखी हुकूम नसल्यामुळे ती कधी संपेल सांगता येत नाही. फोन अकरा वेळा आला.

बारावा आज आला. दाणे अर्धे सोलून झाले होते. रायटर म्हणाला, सर, एकजण आहे, टाइल्स बसवणारा, ओडिशाचा, घरी रिंग जाते पण उचलत नाहीत.

मी उठलो. सुनंदा मान वर न करता म्हणाली, "वही नेऊ नका."

"नेत नाही."

"आणि हात धुवा, सोगडु लागलाय."

हात धुतले तरी तो वास जात नाही, हे तिलाही माहीत आहे. स्टेशनात तो माणूस बाकाच्या अगदी कडेला बसला होता, उठायला सांगितलं तर पटकन उठता यावं म्हणून बसतात तसा. मी शेजारी बसलो. मोडक्या हिंदीत नाव विचारलं, गाव विचारलं, विकत नाहीस ना, असं दोनदा विचारलं. त्याने मला एकच विचारलं, "आप मेरे कौन लगते हैं?"

रायटरने छापील कागद पुढे केला. त्यावर हमी देणाऱ्याचं नाव, वय, पत्ता आणि नातं असे चार रकाने आहेत. पहिल्या वेळी चौथ्या रकान्यापाशी माझं पेन बराच वेळ अडलं होतं. खोटं मी लिहीत नाही, आणि रिकामा रकाना मला सोसत नाही. आता अडत नाही. मी तिथे 'शेजारी' लिहितो. किती अंतरावरचा, हे त्या कागदावर विचारलेलं नाही.